मरण, पुनरुत्थान आणि ओळख : मराठी ख्रिस्ती जीवनाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

आज मराठीत 'घटस्फोट' हा शब्द उच्चारला की पती-पत्नींचे कायदेशीर विभक्त होणे एवढाच अर्थ मनात येतो. वर्गात एकोणिसाव्या शतकातील धर्मांतराचा इतिहास शिकविताना विद्यार्थी या शब्दावर हमखास अडखळतात, कारण त्या काळाच्या कागदपत्रांत तो वेगळ्याच अर्थाने येतो. घटस्फोट हा मुळात जिवंत माणसाला मृत ठरविण्याचा विधी होय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. पतित झालेल्या माणसाला त्याच्या सपिंडांनी गावाबाहेर, निंद्य दिवशी, सायंकाळी उदक द्यावे. दासीने पाण्याने भरलेला घट प्रेतासाठी करतात त्याप्रमाणे पायाने लवंडावा. आप्तांनी अशौच पाळावे. आणि त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, एकत्र बसणे, वारसा व लौकिक व्यवहार हे सर्व बंद करावे, असे ते विधान आहे. माणूस श्वास घेत असतो, पण कुटुंबाच्या आणि जातीच्या दृष्टीने तो गेलेला असतो.

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास या विधीपासून वाचावयास सुरुवात केली तर त्यातील एक गोष्ट, जी एरवी केवळ धर्मशास्त्राची म्हणून बाजूला ठेवली जाते, ती इतिहासाच्या कक्षेत येते. ती म्हणजे येशूच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा. मिशन, शाळा, मुद्रणालये, दुष्काळातील मदत आणि वसाहतवादी सत्ता यांच्या आधारे धर्मांतराची मीमांसा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे आणि ती आवश्यकही आहे. परंतु ज्यांनी धर्मांतर केले त्यांनी स्वतःला काय मानले, आणि सर्व काही गमावल्यावर ते कशाच्या आधारे उभे राहिले, हा प्रश्न त्या मीमांसेत बहुधा मागे पडतो. येशू खरोखर उठला काय, याचा निर्णय देणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. तो उठला असे मानणाऱ्या माणसांच्या आयुष्यात त्या मानण्याने काय घडविले, हे पाहणे मात्र त्याचे काम निश्चितच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

दोन विधी

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा हा प्रवेशाचा विधी. परंतु पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याचा अर्थ अधिक खोल सांगितला आहे. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो, असा त्याचा आशय आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर ख्रिस्त उठला नसेल तर सारी श्रद्धाच निष्फळ, इतकी स्पष्ट भूमिका तो घेतो. युरोपात, जिथे सारा गावच जन्मतः ख्रिस्ती होता, तिथे हे शब्द बऱ्याच अंशी उपासनेतील शब्द होऊन राहिले होते. महाराष्ट्रात १८४० नंतर बाप्तिस्मा घेणाऱ्या तरुणाच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे होत. तो बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येई त्याच सुमारास त्याच्या घरी त्याच्या नावाने पाणी सोडले जाण्याची शक्यता असे. कित्येक कुटुंबांनी प्रत्यक्ष विधी केला नसेल. तरीही आईचे दार बंद होणे, पत्नीला तिच्या माहेरच्यांनी परत नेणे आणि पंक्तीतून उठविले जाणे या गोष्टी विधीवाचूनही मरणासारख्याच होत्या. एकाच माणसाच्या मृत्यूचे दोन अर्थ दोन समाज लावीत होते. एका अर्थाने तिथे सारे संपत होते आणि दुसऱ्या अर्थाने तिथूनच आरंभ होत होता.

मराठीतील शब्दयोजनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मेलेला पुन्हा जिवंत होतो हे सांगण्यासाठी 'पुनर्जन्म' हा लोकांच्या ओठांवरचा शब्द तयार होता. पण तो या अर्थाला चालणारा नव्हता. पुनर्जन्मात नाव, देह, नाती सर्व बदलते आणि कर्माचा हिशेब मात्र पुढे चालू राहतो. येथे सांगावयाचे होते ते नेमके उलट, म्हणजे माणूस तोच राहतो आणि हिशेब मिटतो. 'पुनरुत्थान' हा शब्द मराठी ख्रिस्ती भाषेत रूढ झाला तो या भेदासह. ओळखीचा प्रश्न या एका शब्दातच दडलेला आहे. उठलेला येशू तोच आहे, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रणही आहेत. तर मग बाप्तिस्मा घेतलेला नारायण तोच नारायण राहतो काय?

मुंबईतील एका घटनेत हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला. १८४३ साली नारायण शेषाद्री या देशस्थ ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्या वेळी बालवयाचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. प्रकरण न्यायालयात गेले व मुलाला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तरी मिशनऱ्यांबरोबर राहिल्या-जेवल्यामुळे तो जातीत राहिला की गेला, यावर वाद पेटला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. दोन भावांपैकी एक परत येऊ इच्छीत नव्हता आणि दुसऱ्याला परत येणे अवघड केले जात होते. ज्याने स्वतःहून मरण स्वीकारले त्याच्यापेक्षा ज्याच्यावर ते लादले गेले त्याची अवस्था अधिक केविलवाणी होती, असे मला वाटते.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म वा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क नष्ट होणार नाही अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर नांदण्यास तिचा जोडीदार तयार नसेल तर विवाह विसर्जित करण्याची वाट काढून दिली. 'घटस्फोट' या शब्दाचे जुने आणि नवे अर्थ या कायद्याच्या उंबरठ्यावर एकमेकांस भेटतात. परंतु कायदा मालमत्ता देऊ शकतो, ओळख देऊ शकत नाही.

बाबा पदमनजी : गुप्ततेकडून उघडेपणाकडे

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचा जन्म बेळगावचा, कासार कुटुंबातला. मुंबईत शिकत असताना ते परमहंस सभेच्या संपर्कात आले. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानीत नसे. तिच्या सभासदांना इतर जातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिऊन आणि ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाऊन दीक्षा दिली जाई. पण हे सर्व बंद दाराआड चाले. बाहेर प्रत्येकजण आपापल्या जातीत पूर्ववत वावरे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटण्याचा धोका निर्माण होताच सभाच विसकटली.

पदमनजींनी १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचे नावच पुरेसे बोलके आहे. या ग्रंथाचे महत्त्व मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात मान्य झालेलेच आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की त्यांच्या जीवनातील निर्णायक पायरी मतबदलाची नव्हती. मते तर परमहंस सभेतील सर्वांचीच बदललेली होती. निर्णायक पायरी होती ती उघडपणाची. जी ओळख गुप्त ठेवावी लागते ती ओळख नव्हे, या जाणिवेने त्यांना सभेपासून पुढे नेले. त्यासाठी मरणाचे भय, निदान सामाजिक मरणाचे भय, संपावे लागते. पुनरुत्थानावरील श्रद्धेने ते काम केले असे मानण्यास जागा आहे. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण आहे, हाही योगायोग म्हणता येणार नाही. त्या समाजात विधवा ही जिवंतपणी मृत मानल्या जाणाऱ्यांचीच दुसरी जात होती.

नावाचा प्रश्नही येथेच पाहू. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली बाप्तिस्म्याबरोबर नावे-आडनावे बदलली. तरीही तेथील नवख्रिस्ती समाजाला आपल्या भाषेतील पुराणाची ओढ होतीच, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्या ओढीतून जन्मले. ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात मात्र बहुतेक प्रमुख धर्मांतरितांनी आपली नावे तशीच ठेवली. नारायण शेषाद्री, नारायण वामन टिळक : विष्णूची नावे धारण करणारे हे ख्रिस्ती प्रचारक पाहून त्यांच्या विरोधकांना काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर मात्र त्यातून मिळते. जो उठतो तो तोच असतो.

पंडिता रमाबाई : धर्म आणि ख्रिस्त

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या बाबतीत मरण हे रूपक राहत नाही. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या या कुटुंबातील वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण उपासमारीने गेली. कलकत्त्यास विद्वत्तेचा गौरव झाल्यानंतर थोड्याच काळात भाऊ गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधवी गेले. अंगावर लहान मुलगी मनोरमा. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या टप्प्यावर त्यांनी जी ओळख स्वीकारली ती कोणाच्याच चौकटीत बसेना. पुण्यात त्या बाटलेल्या ठरल्या आणि वाँटेजच्या भगिनींच्या दृष्टीने हट्टी. मांसाहार त्यांनी केला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी पत्रातून विचारला. अँग्लिकन पंथाच्या कित्येक सिद्धांतांवर त्यांनी शंका काढल्या. इंग्रजी ख्रिस्तीपणा आणि ख्रिस्त या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या या पत्रव्यवहारात जणू स्वतःलाच बजावीत होत्या.

१९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी याहूनही मार्मिक भेद केला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. इतिहासकाराला या विधानाचे मोल मोठे आहे, कारण धर्मांतराची तारीख आणि आशेची तारीख एक नसते हे त्यातून उघड होते. नोंदवहीत १८८३ हे वर्ष राहील. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबात मुक्कामाचे स्थान त्यापुढे, १८९० नंतरच्या वर्षांत आहे. म्हणजे मुंबईत १८८९ साली सुरू झालेले शारदा सदन पुण्यास आल्यानंतरच्या, आणि १८९३ मध्ये सदनात ख्रिस्ती शिकवण दिली जाते या आरोपावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडण्याच्या आगेमागेच्या काळात. जुने मित्र सुटले, केसरीने झोड उठविली, पालकांनी मुली काढून नेल्या. या दुसऱ्या सामाजिक मरणानंतरच रमाबाईंचे सर्वांत मोठे काम उभे राहिले.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत, गुजरात आदी भागांतून उपाशी मुली व बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात होती. ज्या दुष्काळाने आपल्या आईवडिलांना नेले त्याच्याच तोंडातून इतरांना ओढून काढणे, हे केवळ समाजसेवा या शब्दाने उलगडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेल्या येशूला प्रथम पाहणारी मग्दालीया मरिया त्याला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखते. रमाबाईंचे बाप्तिस्म्याचे नाव 'मेरी रमा' असे होते. जिचे नाव विसरले गेले आहे, जिला केवळ 'विधवा' किंवा 'दुष्काळी' म्हणून मोजले जाते, तिला नाव परत देणे हे मुक्ती सदनातील रोजचे काम होते : अक्षरओळख, विणकाम, छपाई, शेती यांच्या रूपाने. तेथील धार्मिक शिस्त कडक होती आणि १९०५ च्या धार्मिक जागृतीचे स्वरूप आजच्या वाचकाला अतिरेकी वाटू शकेल. परंतु त्या मुलींच्या हाती जे कौशल्य आले ते खोटे नव्हते.

टिळक पती-पत्नी

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. तिच्यात एक निकड होती, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. स्वदेशाच्या आणि स्वभाषेच्या अभिमानाने भारलेल्या त्या काळात ख्रिस्ती होणे म्हणजे परकीय होणे, असा आरोप होता. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांच्याद्वारे जे केले ते ख्रिस्ताला मराठी वेष चढविणे नव्हते. आपण परके झालो नाही याची ती साक्ष होती. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते पूर्वीपासून होती. टिळकांच्या गीतांनी त्या उपासनेचा सूरच पालटला.

१९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना होती. म्हणजे ज्या विधीसाठी आपण एकेकाळी घर गमावले तोच विधी सीमारेषा म्हणून वापरण्यास ते तयार नव्हते. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार चालला नाही. आपल्या देहाचे दफन न करता दहन व्हावे, ही त्यांची इच्छा पाळली गेली. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने ही इच्छा धरावी, यात विसंगती शोधणारे तेव्हाही असतील. टिळकांना ती वाटली नाही.

परंतु बाप्तिस्म्याची किंमत टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी (१८६८-१९३६) अधिक मोजली, आणि त्याविषयी त्यांना कोणी विचारलेही नव्हते. पती जिवंत, पण जातीच्या लेखी गेलेला. म्हणून त्या धड सवाष्णही नव्हेत आणि विधवाही नव्हेत. 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) मध्ये या वर्षांची हकिगत त्यांनी विनोदाच्या ज्या धाटणीने सांगितली आहे तिच्यामुळे वाचक हसतो, आणि मग थोड्या वेळाने ओशाळतो. पतीकडे परतल्यावरही त्या आरंभी वेगळ्या राहिल्या, आपला स्वयंपाक आपण करीत, सोवळे सांभाळीत. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, असा निर्णय त्यांच्या मनाने आपला आपण घेतला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पंडित पतीला जे ग्रंथांतून आणि वादविवादांतून गवसले ते या जुजबी अक्षरओळख असलेल्या स्त्रीने पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी सोडविले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले तेव्हा त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनीच रचला.

गावकुसाबाहेरील मंडळी

येथवर ज्यांची नावे आली ती बहुतांशी लिहिणाऱ्या माणसांची आहेत. मराठी ख्रिस्ती समाज संख्येने त्यांचा कधीच नव्हता. अहमदनगर जिल्ह्यात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या आणि पुढे आलेल्या इतर मिशनांच्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांच्या बनल्या, आणि दुष्काळांच्या वर्षांनंतर त्या वेगाने वाढल्या. पोटासाठी धर्म बदलला, हा आक्षेप त्यामुळेच निघाला. उपाशी माणसाने आशा धरली तर तिला पोटाचा वास येणारच. म्हणून ती आशा नव्हे असे ठरविण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना कोणी दिला, हे मला कळत नाही.

या समाजाला घटस्फोटाची गरज नव्हती. तो आधीच बाहेर होता. अलेक्झांडर रॉबर्टसन यांच्या 'द महार फोक' (१९३८) या ग्रंथात आणि इतरत्र महारांच्या गावकीच्या कामांची जी नोंद आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. मर्तिकाची बातमी परगावी पोहोचविणे, सरणासाठी लाकडे आणणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही ती कामे. आणि हक्क म्हणून मिळे ते मेलेल्या ढोराचे मांस व प्रेतावरचे वस्त्र. गावाने एका संपूर्ण समाजाची ओळख मृत्यूशी बांधून टाकली होती. अशा वस्तीत एका मारल्या गेलेल्या, गावाबाहेर खिळून ठेवलेल्या माणसाचे थडगे तिसऱ्या दिवशी रिकामे सापडले, ही वार्ता पोहोचली. ती कशी ऐकली गेली हे सांगणारे त्यांचे स्वतःचे लेखन फारच थोडे आहे. मिशनऱ्यांच्या अहवालांतून ते गाळून घ्यावे लागते, आणि ते अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असत हे विसरता येत नाही.

नारायण शेषाद्री पुन्हा येथे भेटतात. ज्यांच्या बाप्तिस्म्याने १८४३ साली मुंबई हादरली, ते पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ गेले आणि तेथे मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. ते मुख्यतः मांग ख्रिस्ती कुटुंबांचे होते. जातीने ज्याला मेलेला मानले आणि ज्यांना तिने कधी जिवंत धरलेच नाही, ते एका गावात राहू लागले. याचा अर्थ मंडळीतून जात नाहीशी झाली असा मात्र नव्हे. खेड्यापाड्यांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे महारवाड्यातच राहिली, आणि लग्ने जुळविताना जुन्या जातींचा विचार होतच राहिला. १९५६ साली डॉ. आंबेडकरांबरोबर महार समाजाच्या फार मोठ्या भागाने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा मंडळीने आपणापुढे ठेवलेले समतेचे वचन कितपत पाळले, हा प्रश्न ख्रिस्ती महारांनाही टाळता आला नाही.

स्वतंत्र भारतात ओळखीचा हा प्रश्न कागदावर आला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलित त्याबाहेर राहिले. २०२२ साली केंद्र सरकारने या प्रश्नाच्या तपासणीसाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. परिणामी अनेक कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर एक ओळख आणि मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरी, असा व्यवहार चालत आला आहे. त्याला कोणी ढोंग म्हणतात. परमहंस सभेतील प्रतिष्ठितांची गुप्तता आणि ही गुप्तता यांत फरक आहे : त्यांना प्रतिष्ठा जपावयाची होती, यांना मुलाची शिष्यवृत्ती.

काही मंडळ्यांत ईस्टरच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच दफनभूमीत उपासना होते. आदल्या दिवशी थडगी स्वच्छ केली जातात, अंधारात मेणबत्त्या लावतात आणि भजनाला सुरुवात होते. भजने मराठी असतात, त्यांत टिळकांचीही असतात. ज्यांच्या पणजोबांनी दुसऱ्यांच्या सरणासाठी लाकडे वाहिली त्यांच्यापैकी काहीजण तेथे आपल्याच माणसांच्या नावांपाशी उभे राहून उजाडण्याची वाट पाहतात.